वाचनालयाच्या वहीत तिचं नाव

 

आज मी गावातल्या वाचनालयाविषयी बोलणार आहे. आपल्या महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्या कायद्याखाली सरकारी अनुदानावर चालणारी अकरा-बारा हजार वाचनालयं आज राज्यात आहेत. 'अ', 'ब', 'क', 'ड' असे त्यांचे वर्ग असतात. खेड्यातलं वाचनालय बहुतेक वेळा 'क' नाहीतर 'ड' वर्गाचं असतं. एखादी-दुसरी खोली, चार-पाच लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल आणि अर्धवेळ काम करणारे ग्रंथपाल. तुमच्या गावात नसलं, तर शेजारच्या गावात किंवा बाजाराच्या गावी नक्की असेल.

या वाचनालयात सभासदांची एक नोंदवही असते. ती एकदा बघायला मागा. त्यात बायकांची नावं किती आहेत ते मोजा. मग आपल्या गावात ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, त्यांची नावं आठवा आणि त्यातली किती वहीत आहेत ते बघा. मी ज्या ज्या वाचनालयात हे विचारलं, तिथं बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालं: "तसलं कुणी येतच नाही इकडं."

येत नाही, हे खरं आहे. का येत नाही, याचा विचार आज आपण करू.

आधी ही माणसं कोण आणि किती, ते बघू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यातल्या दर दहांपैकी सात जण खेड्यात राहतात. तेव्हा कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते २१ केले. अंधत्व, कमी दिसणं, बहिरेपण, चालण्यातली अडचण हे आपल्याला माहीत आहेत. त्याशिवाय बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया, मानसिक आजार, पार्किन्सन हेही त्यात आले. काही अपंगत्व बघून कळत नाही. सिकलसेलचं दुखणं असलेली मुलगी तुमच्या-माझ्यासारखीच दिसते. पण दुखणं उठलं की तिला चार पायऱ्याही चढवत नाहीत.

यात आपल्या घरातली म्हातारी माणसंही धरा. मोतीबिंदू झालेली सासू, अर्धांगवायूनं एक हात गेलेले सासरे, गुडघे धरलेली आई. यांच्याकडं दाखला नसतो आणि आपण त्यांना अपंग म्हणत नाही, पण वाचनालयाच्या पायऱ्या त्यांनाही तितक्याच उंच आहेत. उद्या आपल्यालाही असणार आहेत.

कुणी म्हणेल, इथं दवाखान्याची सोय नाही, एसटी वेळेवर येत नाही, आणि तुम्ही गोष्टीच्या पुस्तकांचं काय घेऊन बसलात? याचं उत्तर म्हणून मी पाहिलेली एक गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगत नाही, तिचंही सांगत नाही.

तिशीतली बाई. लहानपणी पोलिओ झाल्यामुळं दोन्ही पाय अधू. दहावीपर्यंत शिकलेली, घरी बसून शिवणकाम करणारी. वाचायची आवड मोठी. वाचनालय गावातच, पण पहिल्या मजल्यावर. त्यामुळं सभासद भाऊ होता आणि तोच तिला पुस्तकं आणून द्यायचा. भाऊ मायेचा होता, न चुकता आणायचा. पाककृती, देवाधर्माची पुस्तकं, एखादी कादंबरी. तीही आनंदानं वाचायची.

एकदा गटातल्या एकीनं वाचनालयाची ग्रंथयादीच तिच्या घरी नेली आणि म्हणाली, "यातलं तुला काय हवं त्यावर खूण कर." तिनं सगळी यादी वाचून काढली आणि एका पुस्तकावर खूण केली. ते होतं वारसा हक्काच्या कायद्यावरचं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा किती, हे सांगणारं साधं पुस्तक.

मैत्रिणींनो, ते पुस्तक ती भावाला आणायला सांगू शकली असती का? मायेचा असला तरी? तिला हिस्सा मागायचा होता की नुसतं समजून घ्यायचं होतं, तो तिचा प्रश्न. मी विचारलं नाही आणि कुणी विचारूही नये. पण इतकी वर्षं पुस्तकं घरी येत होती आणि तरीही तिला स्वतःचं पुस्तक स्वतः निवडता येत नव्हतं, हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना कळलं. बाई अंध असेल तर बँकेचं पत्र दुसऱ्यानं वाचून दाखवायचं. ऐकू येत नसेल तर ग्रामसभेत काय ठरलं ते दुसऱ्यानं खुणांनी सांगायचं. सांगणारा जेवढं सांगेल, तेवढंच तिच्या वाट्याला येतं. म्हणून वाचनालयात तिचं नाव तिच्या नावानं असणं आणि तिला हवं ते तिच्यापर्यंत पोचणं, हे करमणुकीपेक्षा फार मोठं आहे.

डॉ. रंगनाथन हे आपल्या देशातले ग्रंथालयशास्त्राचे फार मोठे जाणकार. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यांचं सार असं, की पुस्तकं कुलपात जपायला नसतात, वापरायला असतात; आणि प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक म्हणताना त्यांनी कुणालाही वगळलेलं नाही.

कायदाही हेच म्हणतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारत म्हणजे सरकारी किंवा खासगी, पण लोक जिथं येतात-जातात अशी इमारत. गावातलं वाचनालय संस्थेचं असलं तरी त्यात येतं. जुन्या इमारतीसुद्धा, नियम आल्यापासून पाच वर्षांत, सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. नियम २०१७ साली आले. ती पाच वर्षं केव्हाच उलटून गेली. म्हणजे आपण मागतो ती मेहेरबानी नाही. तरीही वाचनालयाच्या मंडळींशी भांडायला जाऊ नका. बहुतेक ठिकाणी तुटपुंज्या अनुदानात चांगली माणसं काम करत असतात. त्यांच्यासोबत बसून काय करता येईल ते ठरवा.

आता कामाचं बोलू. पहिलं, आत कसं यायचं.

वाचनालय वरच्या मजल्यावर असेल तर इमारत बदलणं सोपं नाही. पण खाली एखादी खोली, ओसरी, निदान ठरलेल्या दिवशी एक टेबल मिळू शकतं. आठवड्यातून एक दिवस ग्रंथपाल यादी, वही आणि मागितलेली पुस्तकं घेऊन खाली बसले, तरी निम्मं काम होतं.

वाचनालय तळमजल्यावर असेल आणि पायऱ्या असतील, तर रॅम्प हवा. रॅम्प म्हणजे नुसता सिमेंटचा उतार ओतणं नव्हे. त्याचं एक माप आहे, ते लिहून ठेवा: एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार. पायरी सहा इंचाची असेल आणि अशा तीन पायऱ्या असतील, तर उंची झाली दीड फूट. म्हणजे रॅम्प अठरा फूट लांब. पुष्कळ ठिकाणी जागा वाचवायला चार-पाच फुटांतच रॅम्प उरकलेला असतो. त्यावरून व्हीलचेअर वर चढत नाही आणि उतरताना माणूस तोंडावर पडतो. असा रॅम्प नसलेला बरा. समोर लांबी मिळत नसेल तर मध्ये सपाट जागा ठेवून रॅम्प वळवून घेता येतो. रुंदी चार फूट हवी, दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा, वर दारासमोर खुर्ची वळवण्यापुरती पाच फूट सपाट जागा हवी आणि वरचा थर खरबरीत हवा. गुळगुळीत फरशी पावसाळ्यात घसरते.

दार तीन फूट रुंद असलं की व्हीलचेअर जाते. उंबरठा काढावा, नाहीतर त्याला दोन्हीकडून छोटा उतार द्यावा. कपाटांच्या मधून जायला तीन फूट वाट मोकळी ठेवावी आणि त्या वाटेत गठ्ठे, खुर्च्या, झाडू ठेवू नयेत. अंध माणूस वाट लक्षात ठेवून चालतो. आज मोकळी असलेली वाट उद्या अडवलेली असली की तो आदळतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात साधारण चार फुटांपर्यंत पोचतो. म्हणून मागणी असलेली पुस्तकं मधल्या फळ्यांवर लावावीत. एक टेबल असं असावं की त्याखाली गुडघे आत जातील. आणि संडास. हा विषय बोलायला लाज वाटते, पण तिथं जायची सोय नाही म्हणून बाई घराबाहेरच पडत नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

दुसरं, वाचायचं कसं.

ज्यांना थोडं दिसतं, त्यांच्यासाठी उपाय सोपे आहेत. खिडकीजवळची जागा, टेबलावर एक चांगला दिवा आणि हाताने धरायचं भिंग. भिंग वाचनालयाच्या टेबलाला दोरीनं बांधून ठेवा म्हणजे हरवत नाही. छोट्या अक्षरातलं पान झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर वरून ए-थ्री कागदावर मोठं करून मिळतं. अक्षर जवळजवळ दीडपट होतं. वाचनालयाच्या पाट्या आणि सूचना जाड, मोठ्या अक्षरात लिहा. पांढऱ्यावर काळं किंवा गडद निळ्यावर पांढरं चालतं. पिवळ्यावर पांढरं कुणालाच दिसत नाही.

ज्यांना मुळीच दिसत नाही, त्यांच्यासाठी ब्रेल लिपी आहे. फ्रान्समधल्या लुई ब्रेल यांची दृष्टी लहानपणी वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात आर लागून गेली. पुढं शाळेत असतानाच त्यांनी सहा उठावदार टिंबांची ही लिपी तयार केली. आपल्याकडं १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. म्हणून मराठीचा 'क' आणि हिंदीचा 'क' ब्रेलमध्ये सारखाच लागतो. २००८ साली स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. पण एक लक्षात ठेवा. ब्रेल येतं ते बहुधा अंधशाळेत शिकलेल्यांना. चाळिशीनंतर नजर गेलेल्या माणसाला ते येत नसतं. म्हणून अंध सभासद आला की आधी विचारा: "तुम्हाला ब्रेल येतं का, की ऐकायला आवडेल?" न विचारता ब्रेलची पुस्तकं मागवली तर ती धूळ खात पडतात.

ऐकण्यासाठी आज सगळ्यात जवळचं साधन म्हणजे आपला मोबाइल. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाचा भाग असतो, त्यात 'टॉकबॅक' सापडतं. ते सुरू केलं की फोन स्वतः बोलू लागतो. बोट जिथं ठेवाल तिथलं नाव वाचतो. मराठी आवाज घेतला तर मराठी मजकूरही वाचतो. पैसे पडत नाहीत. पण आधी सांगून ठेवते, टॉकबॅक चालू असताना फोन वापरायची रीत बदलते. एकदा बोट लावलं की फोन नुसतं वाचतो, उघडायचं तर दोनदा टकटक करावं लागतं. पहिल्या दिवशी माणूस गोंधळतो आणि "नको ते" म्हणतो. आठवडाभर रोज थोडं शिकवलं तर जमतं. तुमच्या गटात कॉलेजला जाणारी एखादी मुलगी असेल, तिला हे काम द्या. कॉम्प्युटरसाठी 'एनव्हीडीए' नावाचा असाच बोलणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. वाचनालयात कॉम्प्युटर असेल तर ग्रंथपालांना तो घालून घ्यायला सांगा.

वाचायला पुस्तकं कुठून आणायची? ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या दिव्यांग विभागानं 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं इंटरनेटवरचं ग्रंथालय सुरू केलं. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठीच ते आहे. तिथं मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं फोनवर ऐकता येतील अशा रूपात मिळतात. नोंदणीसाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. हे केवळ अंधांसाठीच नाही. ज्यांना हात नाहीत, ज्यांच्या हातात पुस्तक धरायचं बळ नाही, तेही त्यात बसतात. अंध बाईला ही नोंदणी एकटीनं करणं अवघड जातं. वाचनालयात तिला शेजारी बसवून, तिच्याच नावानं, तिच्याच फोनवर करून द्या. पासवर्ड तिलाच ठेवू द्या.

आणि जे पुस्तक तिथं नाही? ते आपण वाचून आवाजात भरू शकतो. कुणी विचारील, असं पुस्तक रेकॉर्ड करणं गुन्हा नाही का? नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात बदल झाला. छापील पुस्तक ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ते वाचता-ऐकता येईल अशा रूपात करून देण्याची मोकळीक त्या कायद्यानं दिली. पुढं मराकेश करार नावाचा जगभराचा करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला भारत होता. मात्र यात एक पथ्य आहे. ते रेकॉर्डिंग त्या अपंग वाचकांसाठीच आहे. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही, विकायचं नाही.

हिशोब सांगते. दोनशे पानांचं पुस्तक. एक पान मोठ्यानं, सावकाश वाचायला अडीच-तीन मिनिटं लागतात. म्हणजे सगळं पुस्तक आठ-दहा तासांचं. एकटीला जड वाटेल, पण दहा जणींनी वीस-वीस पानं वाटून घेतली तर प्रत्येकीला एकच तास. पंखा बंद करा, कोंबड्या आणि पोरं जरा लांब घालवा. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि पान क्रमांक सांगा. प्रत्येक प्रकरण वेगळं भरा म्हणजे शोधायला सोपं. चित्र असेल तर ते दोन वाक्यांत सांगा. आणि एक नियम कडक पाळा: काही गाळायचं नाही. शिवी आली, शृंगार आला, आपल्याला न पटणारं मत आलं, तरी जसं आहे तसं वाचायचं. डोळस वाचकाला ते वाचायला मिळतं, मग तिच्यासाठी आपण कात्री का लावावी?

आणखी एक साधी गोष्ट. वाचनालयाची, ग्रामपंचायतीची सूचना हल्ली फोटो काढून ग्रुपवर टाकतात. अशा फोटोतला मजकूर बोलणाऱ्या फोनला पुष्कळदा वाचता येत नाही. तीच सूचना टाइप करून टाकली तर वाचता येते. सोबत अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोपही टाका. मग जिला दिसत नाही तिला कळेल आणि जी शाळेत गेलेली नाही तिलाही कळेल.

ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्याविषयी आपला एक समज असतो, की त्यांना दिसतं म्हणजे वाचता येणारच. तसं नसतं. जन्मापासून जिनं मराठी कानानं ऐकलीच नाही, तिला लांबलचक छापील वाक्य परक्या भाषेसारखं वाटू शकतं. तिच्यासाठी चित्रांची, सोप्या वाक्यांची पुस्तकं हवीत, आणि ती लहान मुलांची म्हणून तिला हिणवू नये. ग्रंथपालांच्या टेबलावर एक वही आणि पेन तिच्यासाठी कायम ठेवावं. बोलताना तोंड तिच्याकडं आणि उजेडाकडं असावं. ओरडून उपयोग नसतो. वाचनालयात व्याख्यान झालं तर त्याचे मुद्दे फळ्यावर लिहावेत. खाणाखुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्रानं तयार केलेला दहा हजार शब्दांचा कोश आहे. ग्रंथपालांनी आणि गटातल्या दोघी-तिघींनी त्यातल्या वीस-पंचवीस खुणा शिकल्या तरी त्या मुलीला आपण परकी नाही असं वाटेल.

ज्या मुलांची समज सावकाश चालते, त्यांच्या आया वाचनालयात यायला घाबरतात. पोरगं ओरडेल, पुस्तक फाडेल, लोक बघतील. आठवड्यातला एक तास असा ठरवा की त्या वेळी शांतता पाळा ही पाटी बाजूला ठेवायची. जाड पानांची पुस्तकं खाली सतरंजीवर मांडायची. एखादं पान फाटलं तर चिकटवता येतं.

तिसरी गोष्ट फक्त आपल्या गटालाच जमेल अशी आहे. ती म्हणजे घरपोच पुस्तक.

गटाची बैठक दर महिन्याला किंवा आठवड्याला होतेच. वसुलीच्या वहीसोबत एक पिशवी पुस्तकांची ठेवायला किती त्रास आहे? गटातल्या एकीनं वाचनालयाची दूत व्हायचं. ग्रंथयादी घरोघरी न्यायची, खूण करून घ्यायची, पुस्तक आणायचं, परत न्यायचं. दिसत नसेल तर यादी वाचून दाखवायची, सगळी, आपल्याला वाटतील तेवढीच नावं नव्हे. वाचनालयानं तिच्यासाठी पुस्तक परत करण्याची मुदत वाढवावी, उशिराचा दंड लावू नये आणि अनामत जमली तर माफ करावी. हे करायला वरून आदेश यायची वाट बघावी लागत नाही. वाचनालयाची कार्यकारिणी एका बैठकीत ठराव करू शकते.

पण सभासद ती हवी. वहीत नाव तिचं, कार्ड तिच्या हातात. दूत फक्त पाय झाली आहे, डोकं आणि मन तिचंच आहे. आणि कुणी कोणतं पुस्तक नेलं, हे दूतानं विहिरीवर, गिरणीवर बोलायचं नाही. मघाची वारसा हक्काच्या पुस्तकाची गोष्ट आठवा. ते पुस्तक पिशवीतून कसं गेलं, हे गावभर झालं असतं, तर तिनं पुन्हा कधी खूण केली असती का?

वागण्याचंही थोडं सांगते. अंध बाईला न विचारता दंडाला धरून ओढू नका. "मदत हवी का ताई?" असं विचारा, हवी असेल तर तीच तुमचा हात धरेल. बोलायचं ते तिच्याशी, तिच्यासोबत आलेल्या माणसाशी नव्हे. "हिला काय पाहिजे?" असं तिच्यादेखत तिच्या नवऱ्याला विचारलं जातं, तेव्हा तिला काय वाटत असेल? आणि "बिचारी" हा शब्द घरी ठेवून या.

आता पैशाचं. आत्तापर्यंत सांगितलेल्यातलं निम्म्याहून जास्त काम पैशाशिवाय होतं. रॅम्प, कठडा, भिंगं, दिवा यांना थोडा खर्च आहे. राज्य सरकारच्या सूचनेप्रमाणं ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पुष्कळ गावांत हा पैसा कशावर खर्च झाला ते कुणाला माहीत नसतं. तो विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. आपल्याकडं ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, हे तर तुम्हाला ठाऊक आहेच. तिथं आपण ठराव मांडा: आमच्या गावच्या वाचनालयाला रॅम्प आणि दिव्यांग वाचकांसाठी साहित्य द्यावं. ठराव लेखी द्या, त्यावर ग्रामपंचायतीची पोच घ्या. ठराव लिहिण्याआधी गावातल्या अपंग बायकांना घेऊन बसा. काय हवं ते त्यांनाच विचारा. कोलकात्याला राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, त्यांच्या योजनांतही दिव्यांग वाचकांच्या विभागासाठी मदतीची तरतूद आहे. त्याची चौकशी तुमच्या वाचनालयानं जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायची.

मैत्रिणींनो, बोलता बोलता वेळ झाली. पुढच्या बैठकीसाठी तीन कामं देते. पहिलं, दोघींनी वाचनालयात जाऊन सभासदांची वही बघायची आणि पायऱ्यांची उंची मोजून आणायची. साधा शिंप्याचा टेप चालेल. दुसरं, गावातल्या ज्या बायका घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांची नावं लिहायची आणि प्रत्येकीला जाऊन विचारायचं, तुला काय वाचायला आवडेल, काय ऐकायला आवडेल. "तिला काय कळतंय" असं घरचे म्हणाले तरी तिलाच विचारायचं. तिसरं, त्यातल्या निदान एकीचं नाव या महिन्यात वाचनालयाच्या वहीत घालायचं. वर्गणी गटातून भरा, नाहीतर पाच जणींनी दोन-दोन रुपये काढा.

१५ ऑक्टोबरला आपल्याकडं वाचन प्रेरणा दिन असतो आणि ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन. त्या दिवशी हारतुरे आणि भाषणं होतील. तुमच्या गावात त्या दिवशी ग्रंथपालांना विचारता आलं पाहिजे, की आमच्या पाच सभासदांनी यंदा कोणती पुस्तकं मागितली आणि त्यातली किती मिळाली. जी मिळाली नसतील त्यांची यादी करा आणि पुढच्या खरेदीत ती घालायला लावा.

येते मी. नमस्कार.